हॉल नंतर बांधा, आधी ग्राउंडवर या

पॅरिशमध्ये, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीतल्या कॅथलिक समाजात, युवकांसाठी काहीतरी करूया म्हटलं की मीटिंगमध्ये पहिला विषय हॉलचा, मग साउंड सिस्टीमचा, मग एसीचा. हॉलला माझी हरकत नाही. पण ज्या डॉन बॉस्कोचा, पोरांसाठी आयुष्य वेचलेल्या त्या इटालियन फादरचा, फोटो आपण त्या हॉलमध्ये लावतो त्याच्याकडे सुरुवातीला यातलं काहीच नव्हतं.

८ डिसेंबर १८४१, इटलीतलं तुरीन शहर. बार्तोलोमेओ गारेल्ली नावाचा अनाथ गवंडी पोरगा एका चर्चच्या सॅक्रिस्टीत (फादरच्या तयारीच्या खोलीत) शिरला, मिस्साला (चर्चमधल्या मुख्य प्रार्थनाविधीला) सेवा करता येत नाही म्हणून तिथली व्यवस्था बघणाऱ्या सॅक्रिस्टनने त्याला बडवून हाकललं. डॉन बॉस्कोने त्याला परत बोलवायला लावलं, म्हणाला हा माझा मित्र आहे. लिहितावाचता येतं का, नाही, गाता येतं का, नाही, बरं शिट्टी तरी येते का, आणि पोरगा हसला. ओरॅटरी, म्हणजे पोरांनी जमून प्रार्थना करायची, शिकायची, खेळायची जागा, तिथून सुरू झाली.

ओरॅटरीत जमणारी ही पोरं गावाकडून कामाला आलेली, कुठल्याच पॅरिशच्या यादीत नसलेली. दंगा करतात म्हणून जागेवरून जागेवर हाकलली गेली, शेवटी १८४६ च्या ईस्टरला तुरीनच्याच वाल्डोक्को भागात पिनार्दी नावाच्या माणसाची बुटकी शेड भाड्याने मिळाली. पुढे डॉन बॉस्को त्यांच्या मालकांशी लेखी करार करायचा, १८५२ चा एक करार आहे त्यात पोराला मारायचं नाही, सुट्टी द्यायची असं स्पष्ट लिहिलंय. मिस्सा, खेळ, पोटापाण्याचं काम सगळं एकाच माणसाच्या काळजीत होतं.

आणि मला सगळ्यात जास्त हलवतं ते त्याचं १० मे १८८४ चं रोमहून लिहिलेलं पत्र. आपण आज म्हणतो ना, पहिल्यासारखं राहिलं नाही, तेच तो हयात असताना स्वतः म्हणतोय! स्वप्नात त्याला जुनं ओरॅटरीचं मैदान दिसतं, पोरं पळतायत, फादर-ब्रदर त्यांच्यातच मिसळलेले, आणि मग आत्ताचं दिसतं, पोरं खांबांना टेकून कंटाळलेली आणि मोठी माणसं आपापसात गप्पा मारतायत नाहीतर लांबून लक्ष ठेवतायत. बिल्डिंग तेव्हा कितीतरी मोठी झाली होती. पत्रात तो सांगतो, पोरांवर नुसतं प्रेम असून भागत नाही, ते त्यांना कळलं पाहिजे, आणि त्यासाठी त्यांना जे आवडतं त्यात आपण उतरायला हवं.

आपल्याकडे आज काय चालतं? रविवारची मिस्सा झाली की अर्ध्या तासाचं युथ सेशन, हजेरी, ग्रुपवर फोटो, गेटला कुलूप. संध्याकाळी पोरं नाक्यावर. आणि परप्रांतातून आलेला, केटरिंगला नाहीतर साईटवर राबणारा कॅथलिक मुलगा तर ग्रुपवरच नसतो कारण त्याच्या घराचं नाव आपल्या रजिस्टरात नाही. अरे हाच तर गारेल्ली! वडाळ्याचं शेल्टर डॉन बॉस्को १९८७ पासून रस्त्यावरच्या मुलांसाठी काम करतंय, म्हणजे हे मुंबईत जमतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, पुढच्या पॅरिश कौन्सिलमध्ये हॉलच्या बजेटच्या आधी हे ठरवा की रोज संध्याकाळी सहा ते आठ गेट कोण उघडणार आणि आपल्यातली कोण दोन माणसं पोरांबरोबर ग्राउंडवर असणार. मंगळवार आणि शुक्रवार माझं नाव लिहा, बाकीच्या दिवसांसाठी कमेंटमध्ये सांगा.