झाडांना गजर लावून पाणी घालू नका

‘या झाडाला आठवड्यातून किती वेळा पाणी घालायचं?’ या प्रश्नाचं उत्तर देणं मी सोडून दिलंय. तेच झाड, तीच कुंडी, पण उन्हाच्या खिडकीत ठेवली तर दोन-तीन दिवसांत कोरडी पडते आणि खोलीच्या कोपऱ्यात ठेवली तर आठवडा उलटला तरी ओलीच असते. थंडीत वाढ मंदावली की झाड पाणी ओढतच नाही फारसं. हे मोबाइलमधल्या गजराला कुठून कळणार?

माझं स्पष्ट मत आहे की घरातली झाडं तहानेपेक्षा मायेनेच जास्त मरतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. शेतकरी वाफसा येईपर्यंत, म्हणजे जादा पाणी निचरून मातीत हवा खेळू लागेपर्यंत, थांबतो तो याचसाठी, पण कुंडीपाशी आपल्याला थांबवत नाही. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या कायम पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, काळी पडतात, कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं माना टाकतात. आणि ते बघून आपण काय करतो? अजून एक तांब्या ओततो! तहानलेलं झाड आणि बुडालेलं झाड वरून सारखंच दिसतं हो. मातीत दोन पेरं बोट घाला, आत ओल लागली तर तांब्या खाली ठेवा. लहान कुंडी असेल तर उचलूनच बघा, कोरडी कुंडी हाताला चटकन हलकी लागते.

अर्थात सगळ्यांना एकच माप नाही. स्नेक प्लांट, झेडझेड ही मंडळी स्वतःकडे पाणी साठवून असतात, त्यांची माती पूर्ण सुकू द्या. फर्नला मात्र तसं कोरडं ठेवलंत तर तो रुसतो, आणि सहजासहजी परत येत नाही.

एकदा घालायचं ठरलं की मग हात आखडू नका. खालच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत घाला आणि ताटलीत साचलेलं अर्ध्या तासात ओतून टाका. रोज अर्धा कप शिंपडल्याने फक्त वरचा थर भिजतो, खालची मुळं कोरडीच राहतात. कुंडीच्या तळाशी खडी घातली की निचरा सुधारतो, हा समजही सोडा. पाणी बारीक मातीतून जाड खडीत सहज उतरत नाही, खडीच्या वरच अडून बसतं. म्हणजे ओला थर उलट मुळांच्या जवळ सरकतो. भोक मोकळं हवं आणि माती भुसभुशीत, बास. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एकदा कडक वाळलं तर पाणी आत घेत नाही, कडेने थेट खाली पळतं. अशी कुंडी थोडा वेळ पाण्याच्या टबात ठेवली की खालून नीट भिजते.

बाहेरच्या झाडांचं दुखणं वेगळं. तिथे लोक रोज पाइप धरून पानं धुतात आणि पाणी घातल्याचं समाधान मिळवतात. रुजलेल्या झाडाला जास्त दिवसांच्या अंतराने पण खोलवर पाणी द्या, मग मुळं खाली जातात. रोज वरवर दिलंत तर ती वरच रेंगाळतात आणि पहिल्या कडक उन्हात झाड कोलमडतं. मोठ्या झाडाचं आळं बुंध्याला चिकटून नको, फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथपर्यंत पाणी पोचलं पाहिजे, कारण पाणी शोषणारी बारीक मुळं दूरवर पसरलेली असतात. वर पालापाचोळ्याचं आच्छादन असेल तर ओल कितीतरी जास्त टिकते. नव्याने लावलेल्या रोपाचा मात्र अपवाद, त्याची मुळं अजून पसरलेली नसतात, त्याला थोड्या थोड्या दिवसांनी बुडाशीच पाणी लागतं.

वेळ सकाळचीच बरी. रात्रभर पानं ओली राहिली की बुरशीला आयतं रान मिळतं. भर दुपारी पानं मलूल दिसली तर लगेच धावू नका, उन्हं उतरल्यावर बऱ्याचदा ती आपोआप सावरतात. पण माती खरोखरच खडखडीत कोरडी असेल तर भर बारालाही बेलाशक पाणी घाला. पानांवरच्या थेंबांनी पानं भाजतात या भीतीने संध्याकाळपर्यंत झाड तहानलेलं ठेवण्यात काही अर्थ नाही.