१०० कीवर्ड, २००० शब्द आणि ५०० सर्च इंजिनं

छोट्या व्यावसायिकांच्या ग्रुपवर एक मेसेज सतत फिरत असतो. शब्द थोडे बदलतात, सांगाडा तोच. वर ठळक अक्षरांत 'गूगलच्या पहिल्या पानावर येण्याचे ७ नियम', आणि खाली यादी: मेटा कीवर्डमध्ये १०० शब्द भरा, मुख्य शब्द मजकुरात ३ ते ५ टक्के आलाच पाहिजे, प्रत्येक पान किमान २००० शब्दांचं हवं, रोज एक ब्लॉग टाका, दर महिन्याला बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आपल्या साइटला येणारे दुवे) विकत घ्या, साइट ५०० सर्च इंजिनांना सबमिट करा, साइट मोबाइलवर नीट दिसू द्या. तळाशी एक फोन नंबर आणि 'हे सगळं आम्ही करून देतो, ३० दिवसांत पहिलं पान, हमी.'

सातवा नियम बरोबर आहे. पहिल्या सहांबद्दल बोलू.

मेटा कीवर्ड म्हणजे पानाच्या कोडमध्ये वरच्या बाजूला लिहिलेली, पाहुण्याला न दिसणारी एक ओळ. नव्वदच्या दशकात सर्च इंजिनं ती वाचत असत. मग लोकांनी तिथे वाटेल ते कोंबायला सुरुवात केली आणि त्या ओळीवरचा विश्वास उडाला. वेब सर्चची क्रमवारी लावताना आपण ही ओळ विचारात घेत नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीरपणे सांगितलं. तेव्हा तुमचे ते १०० शब्द वाचणारा एकच माणूस उरतो: पानाचा सोर्स, म्हणजे त्यामागचा कोड, उघडून बघणारा तुमचा स्पर्धक. त्याला तुमची आयती यादी मिळते.

त्याच कोडमध्ये आणखी दोन ओळी असतात आणि या मेसेजमुळे त्या नेमक्या दुर्लक्षित राहतात. एक मेटा डिस्क्रिप्शन. क्रमवारी तिच्यावर ठरत नाही, पण निकालात निळ्या ओळीखाली जो दोन ओळींचा मजकूर दिसतो तो बऱ्याचदा तिथून उचललेला असतो, म्हणजे ती ओळ माणसं वाचतात. दुसरी ओळ टायटलची, आणि तिला खरंच वजन आहे. छोट्या धंद्यांच्या साइट उघडून ब्राउझरच्या टॅबवर काय लिहिलंय ते बघा. अर्ध्याअधिक वेळा तिथे 'होम' असतं. नाहीतर 'स्वागत आहे'. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या पहिल्या पानाचं टायटल 'होम' असेल, तर गूगलला आणि गिऱ्हाइकाला त्यातून काय कळणार? तिथे 'शिलाई मशीन दुरुस्ती, घरी येऊन' आणि पुढे दुकानाचं नाव, एवढं लिहायला पाच मिनिटं लागतात. त्या १०० शब्दांपेक्षा हे काम केव्हाही मोठं.

आता तीन ते पाच टक्के. असा कुठलाही आकडा गूगलने कधी दिलेला नाही. उलट एकच शब्द पुन्हा पुन्हा कोंबणं हे त्यांच्या स्पॅमविषयीच्या नियमांत सरळ मोडतं. टक्केवारी गाठायला बसलेल्या माणसाच्या हातून काय लिहून होतं ते पाहा: 'तुम्हाला शिलाई मशीन दुरुस्ती हवी असेल तर आमची शिलाई मशीन दुरुस्ती सेवा ही सर्वोत्तम शिलाई मशीन दुरुस्ती सेवा आहे.' हे वाचून मशीन कोण देईल त्याच्या हातात?

शब्द किती वेळा यावा यापेक्षा कोणता यावा, याला महत्त्व आहे. मी पाहिलेल्या अशाच एका साइटवर सगळीकडे 'शिवणयंत्र सेवा व समाधान' असं लिहिलेलं होतं. भाषा शुद्ध, पण गिऱ्हाईक 'शिलाई मशीन' म्हणतं आणि 'समाधान' तर कुणीच शोधत नाही. समानार्थी शब्द सर्च इंजिनांना आता बऱ्यापैकी कळतात, तरी 'मशीन धागा तोडते', 'सुई सारखी मोडते' अशी फोनवर येणारी वाक्यं त्या साइटवर कुठेच नव्हती. मालकाशी दहा मिनिटं बोललो तर ती वाक्यं त्याच्या तोंडून धडाधड बाहेर पडली. साइट बनवणाऱ्याने ती विचारलीच नव्हती.

आणि लोक कोणते शब्द टाकून तुमच्यापर्यंत येतात हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. गूगलचं सर्च कन्सोल फुकट आहे. साइट आपली आहे एवढं एकदा सिद्ध करून दिलं, की कोणत्या शोधाला तुमचं पान किती वेळा दिसलं, किती जणांनी क्लिक केलं आणि सरासरी कितव्या जागेवर होतं, हे तिथे दिसू लागतं. अगदी कमी लोकांनी केलेले शोध त्यात येत नाहीत, पण सुरुवातीला हवं तेवढं भरपूर मिळतं.

२००० शब्द आणि रोजचा ब्लॉग हे दोन नियम एकाच गैरसमजातून आलेत: जितकं जास्त तितकं गूगल खूश. नवशिक्यांसाठी गूगलची स्वतःची एक मार्गदर्शिका आहे. तिच्यात ज्या गोष्टींच्या मागे लागू नका म्हणून सांगितलंय, त्यांत मेटा कीवर्ड आहेत आणि मजकुराची लांबीही आहे. अमुक इतके शब्द म्हणजे जादूचा आकडा, असं काही नाही. पत्ता, वेळ आणि फोन सांगणारं पान ६० शब्दांत संपत असेल तर ते ६० शब्दांचंच असावं.

रोजच्या ब्लॉगचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पहिला आठवडा उत्साहात जातो, दुसऱ्यात विषय संपतात, मग 'शिलाईचे महत्त्व' वगैरे सुरू होतं, किंवा हल्लीच्या रिवाजाप्रमाणे यंत्राकडून एका बैठकीत ५० लेख काढून घेतले जातात. मार्च २०२४ मध्ये गूगलने स्पॅमचे नियम बदलले. केवळ क्रमवारी वर ढकलण्यासाठी ढिगाने पानं काढणं हा गैरप्रकार मानला जाईल, मग ती माणसाने लिहिलेली असोत की यंत्राने, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. लिहायचंच असेल तर तुम्ही जी कामं करता त्या प्रत्येक कामाला एक स्वतंत्र पान द्या. आठ कामं आणि आठ पानं, बस्स. वर्षभर त्यांत काही बदललं नाही तर तारीख जुनी दिसते म्हणून उगाच हात लावू नका.

बॅकलिंकचा नियम तेवढा अर्धवट सत्यातून निघालाय, म्हणून तोच जास्त फसवतो. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये स्टॅनफर्डमध्ये असताना मांडलेली पेजरँकची, म्हणजे पानाचं महत्त्व मोजण्याच्या पद्धतीची, कल्पनाच ही होती, की एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा म्हणजे एक प्रकारचं मत, आणि ज्याला स्वतःला भरपूर मतं आहेत त्याच्या मताला वजन जास्त. दुव्यांना किंमत आहे म्हटल्यावर त्यांचा बाजार उभा राहणारच. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने पेंग्विन नावाचा बदल आणला आणि विकतच्या दुव्यांवर वर चढलेल्या कितीतरी साइट खाली आपटल्या. २०१६ पासून ही तपासणी गूगलच्या मुख्य यंत्रणेतच आहे आणि असे दुवे बहुतेक वेळा नुसते मोजलेच जात नाहीत. म्हणजे पैसे पाण्यात. प्रकार फारच उघड असेल तर माणसाकडून थेट कारवाईही होते आणि तशी नोटीस सर्च कन्सोलमध्ये येते. जाहिरात म्हणून दुवा विकत घ्यायला बंदी नाही, फक्त तो विकतचा आहे अशी खूण कोडमध्ये करावी लागते. अशा दुव्याने क्रमवारीत फायदा होत नाही, आणि 'महिन्याला अमुक बॅकलिंक' विकणारे ही खूण करत नाहीत ते त्याचसाठी.

मग दुवे मिळवायचे कुठून? ज्या कंपनीचे सुटे भाग तुम्ही वापरता तिच्या साइटवर अधिकृत दुरुस्ती करणाऱ्यांची यादी असेल तर तिच्यात नाव घाला. व्यवसायाच्या संघटनेचे सभासद असाल तर तिच्या यादीतही. असे चार दुवे मिळाले तरी पुष्कळ.

५०० सर्च इंजिनांच्या नियमावर मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण त्यात मी प्रत्यक्ष हात घातला होता. मुळात गूगल आणि बिंग सोडले तर मोजण्यासारखी सर्च इंजिनं हाताच्या बोटांवर उरतात, आणि त्यांतली काही या दोघांच्याच निकालांवर चालतात. डकडकगो आपले बरेचसे निकाल बिंगकडून घेतं. साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी असलेली फाइल, एकदा सर्च कन्सोलमध्ये आणि एकदा बिंगच्या वेबमास्टर टूल्समध्ये दिला की सबमिट करण्याचं काम संपलं.

माझ्या ओळखीच्या एकाने या सबमिशनचे पैसे दोनदा भरले. तरी दुकानाचं पूर्ण नाव टाकलं तरी साइट निकालात येईना. त्याला वाटलं, तिसऱ्यांदा भरावे लागतील. मी गूगलच्या चौकटीत 'साइट' हा शब्द इंग्रजीत लिहिला, पुढे कोलन आणि जागा न सोडता त्याच्या साइटचा पत्ता. असं केलं की त्या पत्त्यावरची गूगलला माहीत असलेली पानं दिसतात. एकही आलं नाही. मग पान उघडून सोर्समध्ये 'नोइंडेक्स' (हे पान निकालात घेऊ नका, अशी सर्च इंजिनांना सूचना) शोधलं, तर वरच तो शब्द बसलेला. साइट वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या एका तयार प्रणालीवर, होती. तिथे सेटिंगमध्ये 'रीडिंग' नावाच्या पानावर एक चौकट असते, सर्च इंजिनांनी ही साइट नोंदवू नये असं सांगणारी. अर्धवट साइट लोकांना दिसू नये म्हणून बनवणाऱ्याने तिथे टिक केली असणार, ते रास्तच. साइट सोपवताना ती काढायची राहिली. आतून कडी लावलेली, आणि हा बाहेर ५०० जणांना आमंत्रणं वाटत होता. टिक काढली, सर्च कन्सोलमध्ये पहिल्या पानाचा पत्ता टाकून नोंदणीची विनंती केली, आणि त्याच आठवड्यात दुकानाच्या नावाला साइट दिसायला लागली.

जाता जाता: सर्च इंजिनांनी साइटवर कुठे यायचं नि कुठे नाही ते सांगणाऱ्या रोबोट्स नावाच्या फाइलमध्ये बंदी घालणं आणि नोइंडेक्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोबोट्समध्ये बंदी असली की गूगल पानाच्या आत येत नाही, पण दुसऱ्या कुणी दुवा दिला असेल तर नुसता पत्ता निकालात दिसू शकतो. दोन्ही एकदम लावलं तर गूगलला आतलं नोइंडेक्स वाचताच येत नाही. हा घोळ मी बऱ्याच साइटवर पाहिलाय.

सातव्या नियमाला माझी पुरवणी. मोबाइलवर नीट दिसणं २१ एप्रिल २०१५ पासून मोबाइलवरच्या क्रमवारीत धरलं जातं, आणि आता तर गूगल प्रामुख्याने तुमच्या साइटचं मोबाइलवरचंच रूप वाचतं. जागा नाही म्हणून मोबाइलवर मजकूर गाळलात तर तो गूगलसाठीही गळला. फोन नंबर चित्रात नको, अक्षरांत हवा, म्हणजे बोट लावलं की फोन लागेल. आणि कॅमेऱ्यातला ६ एमबीचा फोटो आहे तसा चढवू नका. पानावरचा सर्वांत मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा असं गूगलचं माप आहे आणि ते बहुतेक ठिकाणी अशा फोटोंमुळेच चुकतं.

ज्यांच्याकडे गिऱ्हाईक येतं किंवा जे गिऱ्हाइकाकडे जातात, त्यांच्यासाठी गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी धंद्याची नोंद, ही सगळ्यात उपयोगाची फुकट गोष्ट. मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही. नकाशाबरोबर येणाऱ्या निकालांत तीन गोष्टी बघितल्या जातात, असं गूगल सांगतं: शोधाशी जुळणी, अंतर आणि धंद्याची ख्याती. अंतर कुणालाच विकत घेता येत नाही. वेळा, कामाचा प्रकार आणि फोटो बरोबर भरणं मात्र तुमच्या हातात आहे.

राहिली हमी. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतःच लिहून ठेवलंय. जाहिराती दिल्या म्हणूनही खालचे नैसर्गिक निकाल वर सरकत नाहीत. सुधारणा करून त्यांचा परिणाम दिसायला चार महिने ते एक वर्ष धरा, असंही गूगलच्या लोकांनी सांगितलंय. मग ३० दिवसांत पहिलं पान दाखवतात कसं? मी त्या नंबरवर फोन लावला आणि विचारलं, पहिलं पान नेमकं कोणत्या शब्दांसाठी?

"शब्द आम्ही निवडतो, सर," पलीकडून उत्तर आलं.