अर्धा कंदी पेढा

साताऱ्यात राजवाड्याजवळचा आमचा कट्टा म्हणजे एका बंद पडलेल्या सायकल दुकानाची पायरी. वर पत्रा आहे, त्यामुळे आषाढातही बैठक मोडत नाही. परवा शेखर पेढ्यांचा खोका घेऊन आला. पोरगी सीए झाली. प्रत्येकाच्या हातावर दोन-दोन कंदी पेढे पडले आणि सुरेशपाशी आल्यावर खोका सरळ पुढं गेला, थांब्यावर हात दाखवणाऱ्याला बघूनही एसटी पुढं काढावी तसा.

"तुला नाही रे बाबा. वहिनी मला सोडायची नाही."

सुरेशनं पुढं केलेला हात हळूच खिशात घातला. मला ते बघवलं नाही. मंडळाच्या महाप्रसादाचा शिरा उतरवायच्या आधी गेली पंचवीस वर्षं ज्याच्या जिभेला विचारतात तो हा माणूस. मे महिन्यात त्याची साखर सापडली, एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांची सरासरी ८.१ टक्के. तेव्हापासून कुठल्याही घरात गेला की त्याच्यापुढं बिनसाखरेचा चहा येतो आणि बाकीच्यांपुढं बशी.

लगेच बापूनं पिशवीतून चकचकीत डबा काढला. "हे घे. शुगरफ्री चॉकलेट. भाच्यानं एजन्सी घेतलीय. पाहिजे तेवढं खा, काडीचीही वाढणार नाही." स्वतःनं तोवर चार संपवली होती.

बापूचं सांगायचं तर आधी तांब्याच्या भांड्यातलं पाणी झालं, मग लोहचुंबकाची गादी झाली, गेल्या वर्षी कारल्याचा रस. गादी निम्म्या आळीला खपवली. शेखरच्या आईच्या खोलीत ती अजून उभी आहे, भिंतीला टेकून.

सुरेशनं एक तोंडात टाकलं. दोन चावे घेतले आणि म्हणाला, "गोड आहे. पण मेणबत्ती खाल्ल्यासारखं वाटतंय."

"दाखव इकडं." वैजू आतापर्यंत गप्प होती. तिनं चष्मा कपाळावर चढवला, मोबाइलचा उजेड पाडला आणि डब्याच्या पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचायला लागली. वैजूला आठवीत असताना मधुमेह झाला, पहिल्या प्रकारचा. इन्शुलिनवर तिची पस्तिसाहून जास्त वर्षं गेलीत. घरी फ्रिज नव्हता तेव्हा तिची आई ती बाटली माठाशेजारच्या ओल्या मडक्यात ठेवायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. या विषयावर ती बोलायला लागली की मी तरी ऐकून घेतो.

"पहिलं नाव माल्टिटॉल, साखरेऐवजी घालतात ते. जे सगळ्यात जास्त असतं तेच पहिलं लिहितात. दुसरं वनस्पती तूप, म्हणून मेणबत्ती. कोकोचं लोणी परवडत नाही ना! सुऱ्या, माल्टिटॉलनंही रक्तातली साखर वाढते. साध्या साखरेपेक्षा कमी, पण वाढते."

"अगं पण शुगरफ्री छापलंय!" बापू.

"शंभर ग्रॅमला अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नको, की झालं शुगरफ्री. माल्टिटॉल त्या हिशोबात धरतच नाहीत. रक्तातली साखर काय कायदा वाचून वाढते होय? आणि खाली काय लिहिलंय बघ. जास्त खाल्ल्यास जुलाब होण्याचा संभव. किती झाली तुझी?"

"पाच," बापू म्हणाला आणि सहावं परत डब्यात ठेवलं.

इथं कुलकर्णी सर मैदानात उतरले. सर शाळेतून निवृत्त झालेत, आम्ही अजून झालो नाही. "म्हणूनच मी म्हणतो, ही पळवाट नको आणि ती पळवाट नको. गोड बंद म्हणजे बंद. परवा नागपूरच्या त्या, खाण्यातली साखर-तेल सांगणाऱ्या फलकांवरून केवढा दंगा केलात सगळ्यांनी. जिलेबीवर इशारा, जिलेबीवर इशारा! शेवटी सरकारला खुलासा करावा लागला की इशारा नाही, नुसती माहिती आहे. अरे, असता इशारा तर काय बिघडलं असतं?"

"सर, माहिती लावाच," वैजू म्हणाली. "माझं म्हणणं तेच आहे, की माहिती द्या, शिक्षा देऊ नका. तुम्ही याला पेढा बंद केलात. हा रात्री अकराला डब्यातली बिस्किटं खातो. विचारा."

सुरेशनं खाली बघितलं. विचारायची गरज पडली नाही.

"मग गूळ खावा की!" बापू बसल्या जागी पुन्हा फुलला. "कऱ्हाडचा सेंद्रिय गूळ, खजूर, मध. नैसर्गिक आहे सगळं. त्या गोडाच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो, जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलंय."

"एकाच फडातला ऊस," वैजू म्हणाली. " एक भाऊ कारखान्यात गेला, एक गुऱ्हाळात. आडनाव बदललं का? खजुरात निम्म्याहून जास्त साखरच असते, तरी खोक्यावर 'साखर घातलेली नाही' छापतात. घालायला जागाच कुठं उरलीय! आणि ती बातमी पुरती वाच. मे २०२३मध्ये त्यांनी सांगितलं की वजन उतरवायला या गोळ्यांवर विसंबू नका. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना त्यातून वगळलं होतं. जुलैत अ‍ॅस्पार्टेमला, म्हणजे त्या गोळ्यांतल्या एका गोडव्याला, 'कदाचित कॅन्सर'च्या यादीत टाकलं आणि रोजची मर्यादा होती तीच ठेवली, अंगाच्या वजनाच्या किलोमागं चाळीस मिलिग्रॅम. मघाशी गोडाच्या गोळ्यांनी कॅन्सर म्हणालास, आणि शुगरफ्री चॉकलेटची एजन्सी तुझ्याच घरात!"

शेखर एवढा हसला की खोका कलंडता कलंडता वाचला.

मग तिनं पर्समधून स्वतःची वडी काढली. ८५ टक्के कोकोची, कागद नीट घडी घातलेला. एक चौकोन मोडला. टक् असा आवाज आला. "शंभर ग्रॅमला चौदा-पंधरा ग्रॅम साखर. हा तुकडा दहा ग्रॅमचा, म्हणजे दीड ग्रॅम. नेहमीच्या दुधाच्या चॉकलेटमध्ये निम्मी साखर असते. घे. चावू नकोस. जिभेवर ठेव आणि गप्प बस."

सुरेशनं ठेवला. पहिल्यांदा तोंड असं केलं की काढा पाजलाय. आम्ही हसणार, तेवढ्यात त्याच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उतरल्या. चॉकलेट अंगाच्या उबेला विरघळतं, घाई केली तर नुसता कडवटपणा पदरात पडतो. मिनिटभरानं तो म्हणाला, "शेवटी गोड लागलं गं." दोन महिन्यांत त्याचा हा आवाज मी ऐकला नव्हता.

"आठ दिवस खा, मग दुधाचं चॉकलेट तुलाच गुळमट लागेल. आणि रविवारी श्रीखंड कर. घरचं दही रात्रभर टांगून ठेव. पाणी निथळतं त्याच्याबरोबर दुधातली बरीचशी साखरही जाते. चक्का पुरणयंत्रातून काढ, साखरेऐवजी स्टीव्हिया घाल, पण बेतानं, जास्त झालं की जिभेवर कडसर रेंगाळतं. जायफळ, वेलची, केशर आणि चिमटीभर मीठ. मीठ विसरू नकोस, त्यानं गोडी वर येते. एक वाटी खा, घरात तुझी वेगळी वाटी दिसणार नाही. सगळ्यांनी तेच खायचं."

मला यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. मधुमेह झालेल्या माणसाला गोडापेक्षा पंगतीतून उठवल्याचं जास्त लागतं.

सरांना मात्र पटलं नव्हतं, आणि त्यांचा मुद्दाही अगदीच मोडीत काढण्यासारखा नव्हता. "वैजयंती, तू मोजून खातेस. हा एका पेढ्यावर थांबेल का? मी याला सहावीपासून ओळखतो."

"नाही थांबणार. म्हणून खोका घरी न्यायचाच नाही. आज अर्धा पेढा, जेवण झाल्यावर, एक पोळी कमी करून. कंदी पेढा तसा कमीच गोड, खवा खरपूस भाजलेला. पण खव्यात दुधाची साखर असतेच, त्यामुळे शुगरफ्री पेढा मिळाला तरी हिशोब सुटत नाही. जेवून चालायला जा. दोन तासांनी बोट टोच. १८०च्या आत आली तर पुढच्या वेळी पण अर्धा. नाही आली तर पाव. आणि डॉक्टरांना वहीत लिहून दाखव, लपवू नकोस."

"ते ठीक आहे," बापू म्हणाला, "पण एखाद वेळी साखर एकदम उतरली तर माझं हे चॉकलेट खिशात असलेलं बरं की नाही?"

वैजूनं त्याच्याकडं नुसतं बघितलं. मला कळलं आता काय येणार.

"साखर उतरल्यावर शुगरफ्री? ७०च्या खाली गेली तर खरी साखर लागते, पंधरा ग्रॅम, आणि पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. साधं चॉकलेटसुद्धा त्या वेळी उशीर करतं, त्यातल्या तुपानं साखर रक्तात हळू जाते. साखरपाणी लागतं. नाहीतर लिमलेटच्या गोळ्या. कुणाला सांगतेय मी हे? बापूला!"

१९८९ची प्रतापगडची सहल. तिच्या आईनं कापडी पुरचुंडीत लिमलेटच्या गोळ्या शिवून दिल्या होत्या. त्या बापूनं बसमध्येच फस्त केल्या. बालेकिल्ल्याच्या पायऱ्यांवर वैजू खाली बसली. डिसेंबरच्या वाऱ्यात तिच्या कपाळावरून घामाचे ओघळ चालले होते, ओठ पांढरे, आणि मला ती सरांच्या नावानं हाक मारत होती. आम्ही सगळे म्हणालो नाटक करतेय. मीही म्हणालो. सरबतवाल्या मावशीनं लिंबू न पिळताच साखर ढवळली आणि घोटघोट पाजली, म्हणून निभावलं. भानावर आल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला तो पुरचुंडीचा.

"छत्तीस वर्षं झाली गं," बापू हळू आवाजात म्हणाला.

"सतरा गोळ्या होत्या."

"बारा!"

"म्हणजे मोजल्या होत्यास!" सर गरजले, "आणि मला सांगितलंस माकडानं नेल्या म्हणून! त्यापायी मी मुख्याध्यापकांना लेखी दिलं होतं, माकड म्हणून!"

पत्र्यावर पाऊस वाजत होता तरी आमचं हसणं पलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत गेलं असणार, कारण पोरगा न सांगता सहा कटिंग घेऊन आला. त्यातले दोन बिनसाखरेचे. शेखरनं पेढा मोडला, अर्धा कागदात बांधून सुरेशच्या हातात दिला, या वेळी स्वतःहून. उरलेला अर्धा खोक्याच्या झाकणावर होता. बापूचा हात तिकडं सरकायला लागला.

"बापू," वैजू चहा फुंकत म्हणाली, "माकड आलं बघ."