‘सेंद्रिय’ शब्द सरकारच्या ताब्यात कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. राग आहे, पण मुद्देही आहेत, म्हणून दोन ओळींत न आटपता सविस्तर लिहितो.

ज्यांनी मूळ चर्चा वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की प्रमाणपत्र नसताना वेष्टनावर ‘सेंद्रिय’ छापायला कायद्याने बंदी असावी आणि त्याची व्याख्या सरकारने करावी. त्यावर तुमचे आक्षेप असे: जो फवारतो त्याला काहीच लिहावं लागत नाही आणि जो फवारत नाही त्यानेच पैसे भरून ते सिद्ध करायचं, हा उफराटा न्याय आहे. नियम शेवटी मोठ्या कंपन्याच वाकवतात. प्रमाणपत्र असूनही फसवणूक होतेच. त्यापेक्षा माल प्रयोगशाळेत तपासा, फवारलेल्या औषधांचे अवशेष सापडले नाहीत तर चांगला, आणि उरलेलं पिकवणारा आणि खाणारा यांच्या विश्वासावर सोडा. शेवटी, माझा सरकारवरचा विश्वास भाबडा आहे, असंही तुम्ही म्हणता.

आधी प्रयोगशाळा घेतो, कारण तो मुद्दा टिकला तर माझं बाकीचं सगळं कोसळतं.

सेंद्रिय हा मालाचा गुण नाही, तो माल कसा तयार झाला याबद्दलचा दावा आहे. रोप नत्र घेतं ते बहुतांशी नायट्रेटच्या रूपात, मग ते शेणखतातून आलेलं असो की युरियातून. पेरणीआधी मारलेलं तृणनाशक कापणीपर्यंत दाण्यात सापडेलच असं नाही. उलट शेजारच्या फवाऱ्याचा वारा आला तर प्रामाणिक माणसाच्या मालातही अंश सापडतो. फेरपालट केली का, जनावरांना चरायला सोडलं का, प्रतिजैविकं दिली का, जमिनीला रूपांतराचा काळ (रसायनं थांबवल्यापासून माल सेंद्रिय ठरेपर्यंतचा) दिला का, यातलं बरंचसं कुठलंही यंत्र सांगू शकत नाही. अमेरिकेच्या नियमात कापणीआधीची सलग तीन वर्षं त्या जमिनीवर निषिद्ध पदार्थ पडलेला चालत नाही. तीन वर्षांपूर्वी काय पडलं होतं हे आजच्या दाण्याला कसं विचारणार?

दुसरं असं की ‘सेंद्रिय’ म्हणजे ‘काहीही न फवारलेलं’ हा समजच चुकीचा आहे, आणि तो पसरवण्यात विकणाऱ्यांचा मोठा हात आहे. मोरचूद आणि चुना यांचं बोर्डो मिश्रण सेंद्रिय शेतीत चालतं. तांबं जमिनीत साठत जातं, म्हणून युरोपीय संघाने 2019 पासून त्यावर मर्यादा घातली: सात वर्षांत हेक्टरी 28 किलो. म्हणजे सरासरी वर्षाला चार किलो. हा आकडा पाळला की नाही हे दाणा किंवा फळ सांगत नाही. त्याला नोंदवही लागते, खरेदीची बिलं लागतात आणि ती उघडून बघणारा माणूस लागतो.

म्हणून ‘अवशेषमुक्त’ आणि ‘सेंद्रिय’ हे दोन वेगळे दावे आहेत. कुणाला पहिलाच हवा असेल तर तो खुशाल मागावा, त्यासाठी वेगळं लेबल असायलाही माझी हरकत नाही. अवशेष तपासणीला सेंद्रिय व्यवस्थेत जागा आहेच, पण पूरक म्हणून. अमेरिकेत साध्या अन्नात कीटकनाशकाची जी मर्यादा मान्य आहे तिच्या 5 टक्क्यांपेक्षा जास्त अंश सापडला तर तो माल सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. शिवाय प्रमाणन संस्थांनी, म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांनी, दरवर्षी आपल्या किमान 5 टक्के प्रमाणपत्रधारकांच्या मालाची अशी तपासणी करायची असते. (हे दोन ‘5 टक्के’ वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. चर्चेत बऱ्याचदा त्यांची खिचडी होते.)

आता विश्वास. पिकवणारा आणि खाणारा समोरासमोर असतील तर तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि गंमत म्हणजे कायद्यालाही ते बऱ्यापैकी मान्य आहे. अमेरिकेत वर्षाला 5,000 डॉलरपर्यंत सेंद्रिय विक्री असलेल्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. पद्धती पाळाव्या लागतात, सरकारी शिक्का वापरता येत नाही, एवढंच. भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2017 च्या सेंद्रिय अन्न नियमांतही शेतकऱ्याने किंवा शेतकरी गटाने थेट ग्राहकाला विकलेल्या मालाला सूट आहे. तेव्हा तुम्ही ज्या व्यवहाराचं चित्र उभं करता, त्याच्या आड कायदा फारसा येतच नाही.

अडचण तिसरा हात आला की सुरू होते. व्यापारी, गोदाम, गिरणी, वेष्टन करणारा, बंदर. या साखळीत कुणावर विश्वास ठेवायचा? ज्याला तुम्ही कधी भेटणार नाही त्याच्यावर? आणि हा साधा व्यवहारही नाही. इतर वस्तूंत निदान वापरल्यावर फसगत कळते. इथे खाऊन, पचवून, वर्ष उलटूनही कळत नाही. ज्या मालात लबाडी उघडी पडत नाही आणि दर मात्र चढा मिळतो, तिथे नुसत्या विश्वासावर चालणारा बाजार हळूहळू लबाडाकडे झुकतो, कारण प्रामाणिक माणसाचा खर्च त्याच्यापेक्षा जास्त असतो.

तुम्ही अमेरिकेतल्या मिसुरी राज्याच्या धान्यघोटाळ्याचा दाखला दिलात. प्रमाणपत्र असलेल्या एका मोठ्या शेतकरी-व्यापाऱ्याने 2010 ते 2017 या काळात साधं धान्य सेंद्रिय म्हणून विकलं. धान्याची एकूण विक्री 14 कोटी डॉलरच्या वर होती आणि त्यातलं बहुतेक बनावट होतं. 2019 मध्ये त्याला दहा वर्षांहून अधिक तुरुंगवास झाला. ‘बघा, प्रमाणपत्राचा काय उपयोग?’ हा तुमचा प्रश्न.

मी हाच दाखला उलट बाजूने वाचतो. त्या माणसाला शिक्षा कशी झाली? ‘सेंद्रिय’ या शब्दाला कायद्यात ठरलेला अर्थ होता, म्हणून तो शब्द वापरणं हे न्यायालयात सिद्ध करता येणारं खोटं ठरलं. व्याख्याच नसती तर त्याचा वकील उभा राहून म्हणाला असता की माझ्या अशिलाची सेंद्रियची कल्पना वेगळी आहे. हा बचाव हास्यास्पद वाटत असेल तर ‘नैसर्गिक’ शब्दाकडे बघा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या शब्दाची नियमांत बांधलेली व्याख्या केली नाही. 2015 मध्ये लोकांची मतं मागवली, व्याख्या झाली नाहीच. परिणामी तो शब्द कशावरही छापला जातो आणि त्याचा अर्थ काय यावर वर्षानुवर्षं खटले चालतात. ‘सेंद्रिय’चं तसं व्हावं अशी तुमची इच्छा नसणार.

तपासणी कमी पडली हे मात्र खरं. तिथे चूक होती ती हिशेबाची. इतकी एकर जमीन, इतकं उत्पन्न, मग विक्री इतकी कशी, हा प्रश्न वेळेवर आणि जोरात कुणी विचारला नाही. त्या सुमारास आयात धान्यातलीही मोठी प्रकरणं बाहेर आली. त्यानंतर अमेरिकेने नियम कडक केले आणि मार्च 2024 पासून ते लागू झाले. आता निरीक्षकाला आवक-जावकीचा ताळा घ्यावा लागतो, माल मागे शेतापर्यंत शोधून बघावा लागतो, आणि पूर्वी सुटणाऱ्या बऱ्याच दलाल-व्यापाऱ्यांनाही प्रमाणपत्र घ्यावं लागतं. म्हणजे घोटाळ्यातून निघालेला धडा ‘नियम काढा’ हा नव्हता.

मोठ्या कंपन्या नियम वाकवतात, हा तुमचा मुद्दा मी खोडणार नाही. उलट तुमच्या बाजूने आणखी पुरावे देतो. मेन राज्यातल्या एका ब्लूबेरी उत्पादकाने अमेरिकी कृषी खात्यावर खटला भरला, की ‘सेंद्रिय’ लेबलच्या प्रक्रिया केलेल्या अन्नात कृत्रिम घटक घालायला खात्याने दिलेली मुभा मूळ कायद्याच्या विरुद्ध आहे. 2005 च्या जानेवारीत अपील न्यायालयाने त्याचं म्हणणं मान्य केलं. उद्योगाने काय करावं? त्याच वर्षी संसदेकडून कायदाच बदलून घेतला. जनावरांना मोकळी जागा देण्याचा नियम जानेवारी 2017 मध्ये अंतिम झाला, सरकार बदललं, मार्च 2018 मध्ये मागे घेतला गेला आणि 2023 मध्ये नव्या रूपात परत आला. मातीशिवाय पाण्यावर वाढवलेलं पीक सेंद्रिय म्हणायचं का, यावर 2017 मध्ये तिथल्या 15 जणांच्या सल्लागार मंडळात मतदान झालं आणि बंदीचा प्रस्ताव 8 विरुद्ध 7 मतांनी पडला. युरोपात अशा पिकाला सेंद्रिय म्हणता येत नाही. मला स्वतःला युरोपचं पटतं. मातीची काळजी हा ज्या शेतीचा गाभा, तिच्यातून मातीच वजा केली तर उरलं काय?

पण हे सगळं तुम्हाला आणि मला माहीत कसं आहे, याचाही विचार करा. मतं मोजली गेली, खटला उघड चालला, नियम राजपत्रात छापला गेला. खासगी शिक्क्याचा नियम बंद खोलीत बदलतो आणि बाहेर नुसतं नवं बोधचिन्ह दिसतं. शिवाय वाकवणं दोन्ही दिशांनी होतं. डिसेंबर 1997 मध्ये अमेरिकी कृषी खात्याने पहिला मसुदा काढला तेव्हा त्यात जनुकबदल केलेलं बियाणं, विकिरण प्रक्रिया (अन्नावर किरणं सोडून जंतू मारणं) आणि सांडपाण्याचा गाळ या तिन्ही गोष्टींना सेंद्रियमध्ये दार उघडं ठेवलं होतं. लोकांनी पावणेतीन लाखांहून अधिक हरकती पाठवल्या. खात्याला मसुदा मागे घ्यावा लागला, आणि 2002 च्या ऑक्टोबरमध्ये लागू झालेल्या नियमांत तिन्ही गोष्टी निषिद्ध होत्या. हरकत पाठवायला पत्ता असणं ही लहान गोष्ट नाही. माझा ‘भाबडा विश्वास’ सरकारवर नाही, या पत्त्यावर आहे.

राहिला खर्चाचा मुद्दा, तुमच्या प्रतिक्रियेतला सगळ्यात खरा. बहुतेक देशांत शेतकरी प्रमाणन संस्थेला शुल्क देतो आणि तीच संस्था त्याची तपासणी करते. यात दोन दोष एकदम आहेत. लहान शेतकऱ्याला ते शुल्क जड जातं, आणि परीक्षकाचा पगार परीक्षार्थी देतो. मोठं शुल्क देणाऱ्या उत्पादकाला नापास करणं संस्थेला परवडत नाही. कागदपत्रांचा बोजाही सारखा नसतो. ज्याच्याकडे कारकून आहे त्याला नोंदवही हे काम वाटत नाही. जो दिवसभर शेतात राबून रात्री ती भरतो, त्याला ती शिक्षा वाटते.

पण यावर उपाय म्हणून शब्द मोकळा सोडला तर फायदा त्या लहान शेतकऱ्याचा होईल का? त्याचा दर आज थोडाफार टिकून आहे तो शब्द राखीव आहे म्हणून. उद्या सगळ्यांनीच छापला, तर जाहिरातीच्या जोरावर जिंकणारा तो नसेल.

खर्च कुणी उचलायचा हे बदलता येतं, आणि बदललेलं आहे. डेन्मार्कने 1987 मध्येच सेंद्रिय शेतीचा कायदा केला. तिथे शेतांची तपासणी सरकारी यंत्रणाच करते आणि तिचं शुल्क शेतकऱ्याकडून घेत नाही. लाल रंगाच्या ‘ओ’ चिन्हावर तिथल्या लोकांचा भरवसा आहे आणि अन्नबाजारातला सेंद्रिय मालाचा वाटा जगातल्या सर्वाधिक वाट्यांपैकी आहे. अमेरिकेत प्रमाणपत्राच्या खर्चाचा काही भाग परत मिळण्याची योजना आहे, पण तिची रक्कम वर्षागणिक कमी-जास्त होते, त्यामुळे तिच्यावर विसंबून कुणी नियोजन करत नसावं.

दुसरी वाट गटाची. युरोपच्या 2022 पासून लागू झालेल्या नियमांत लहान शेतकऱ्यांच्या गटाला एकच प्रमाणपत्र मिळू शकतं, सदस्य 2,000 पर्यंत. गटाने आपली अंतर्गत तपासणी चालवायची आणि बाहेरच्या निरीक्षकाने त्यातल्या काहींची फेरतपासणी करायची. याहून पुढचं पाऊल ब्राझीलने टाकलं. तिथे शेतकरी आणि ग्राहक यांनी मिळून एकमेकांची शेतं तपासायची सहभागी हमी पद्धत कायद्यानेच मान्य केली आहे. भारतातही ‘पीजीएस’ नावाने ती सरकारमान्य आहे आणि तिच्या मालाला ‘जैविक भारत’ चिन्ह लावता येतं. तुम्ही ज्या ओळखीपाळखीच्या विश्वासाबद्दल लिहिता तो हाच आहे, फक्त त्याची नोंद आहे आणि कुणी खोटं बोललं तर गटाला जाब द्यावा लागतो. या पद्धतीची मर्यादाही आहे: परदेशी बाजारात ती सहसा चालत नाही, आणि गावकीतल्या माणसाला नापास करणं परक्या निरीक्षकाइतकं सोपं नसतं.

माझं मत विचाराल तर शब्दाची व्याख्या आणि शिक्षा सरकारकडे, लहान शेतकऱ्याच्या तपासणीचं शुल्क सार्वजनिक तिजोरीतून, आणि मोठ्या उत्पादकाने व व्यापाऱ्याने मात्र पूर्ण खर्च स्वतः भरायचा, तोही थेट निरीक्षण संस्थेला नव्हे तर एका सामाईक निधीत, म्हणजे संस्था कुणाची मिंधी राहणार नाही. ‘फवारणाऱ्याला काहीच लिहावं लागत नाही’ हा अन्याय यानेही संपत नाही, निम्मा होतो. पूर्ण संपवायचा तर प्रत्येक मालावर फवारणीचा इतिहास छापावा लागेल, आणि तो खरा आहे हे तपासायला आजच्या कितीतरी पट निरीक्षक लागतील. तुम्ही सरकारी यंत्रणेवर नाराज आहात, तेव्हा ही वाट तुम्हालाही नको असेल.

शेवटी तुम्ही विचारलं होतं की तोवर ग्राहकाने लेबलवर बघायचं काय. पुढचं हिरवं पान आणि मोठी अक्षरं सोडा, वेष्टन उलटं करा. अमेरिकी मालावर उत्पादकाच्या नावाखाली प्रमाणन संस्थेचं नाव असतं. युरोपीय मालावर पानाच्या चिन्हालगत तपासणी संस्थेचा सांकेतिक क्रमांक आणि शेतमाल युरोपीय संघातला की बाहेरचा, हे असतं. मग घटकांची यादी वाचा. अमेरिकेत 95 टक्के घटक सेंद्रिय असतील तरच मालाला ‘सेंद्रिय’ म्हणता येतं. 70 ते 95 च्या मधल्या मालावर ‘सेंद्रिय घटकांपासून बनवलेले’ एवढंच लिहिता येतं, आणि 70 च्या खाली तर हा शब्द फक्त घटकांच्या यादीतच येऊ शकतो. यात पाणी आणि मीठ मोजत नाहीत. अमेरिकी कृषी खात्याची प्रमाणपत्रधारकांची यादी सगळ्यांना ऑनलाइन शोधता येते, त्यात रद्द आणि निलंबित झालेली नावंही दिसतात. एखादं नाव टाकून बघा आणि काय सापडलं ते इथे लिहा.