‘पडतं त्याखाली विकू नका’? आधी काय किती पडतं ते बघू

उद्योजकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘नगाला जेवढा खर्च पडतो त्याखाली एकही ऑर्डर घेऊ नका, तो तोटाच. आणि एकदा भाव पाडला की बाजार हातचा गेला.’ वाक्यं खणखणीत, हिशेब कच्चा.

आधी ‘तो तोटाच’ बघू. सोलापुरातला टॉवेलचा एक छोटा कारखाना धरा. आकडे सोयीचे, मांडणी रोजची. नगाला सूत ६२ रुपये, मजुरी १४, रंगाई ८, वीज ४, पॅकिंग २. झाले ९०. वर भाडं, कर्जाचा हप्ता, दिवाणजीचा पगार, वीजबिलातला मागणी आकार (वीज कमी वापरली तरी द्यावा लागणारा) मिळून महिन्याला ३ लाख. ते १०,००० टॉवेलांवर वाटले की ३० रुपये. म्हणून मालक म्हणतो, ‘मला १२० ला पडतं.’

आता एक लॉजवाला काठावर लॉजचं नाव विणलेले १,५०० टॉवेल १०४ ला मागतो. मेसेजप्रमाणे नगामागे १६ चा तोटा. पण ही ऑर्डर नाकारली म्हणून भाडं कमी होणार आहे का? हप्ता थांबणार आहे का? ते ३ लाख जाणारच. ऑर्डरमुळे नव्याने खर्च होतात ते ९०, म्हणजे नगामागे १४ हाती राहतात. वाणिज्य शाखेच्या पुस्तकात याला अंशदान म्हणतात. एकूण २१,०००. त्यातून नावाच्या डिझाइनचे ४,५०० आणि गाडीभाडं २,५०० वजा केलं, तरी १४,००० उरले. (मजुरी नगावर न देता महिन्याच्या पगारात बसत असेल, तर ते १४ रुपयेही नवा खर्च नाहीत.)

हे सगळं माग रिकामे असतील तरच. लग्नसराईत ते भरलेले असतात. नेहमीचा टॉवेल १३५ ला जातो, त्यात ४५ सुटतात. लॉजसाठी नेहमीचे ३१२ टॉवेल जरी मागे राहिले, तरी ते १४,००० गेले. ‘खर्च निघतोय ना, मग घ्या’ म्हणणारे हे विसरतात. मेसेजवाल्याला तर हा प्रश्नच पडलेला नाही.

बाजार पडण्याची भीती मात्र खोटी नाही. तोच टॉवेल १०४ ला मिळतो असं पेठेतल्या व्यापाऱ्याला कळलं, तर उद्या तो १३५ देणार नाही. आणि सगळाच माल १०४ ला गेला तर ३ लाख कधीच निघणार नाहीत. पण काठावर दुसऱ्याचं नाव असलेला टॉवेल पेठेत जातच नाही, हीच तर या ऑर्डरची खुबी.

धोकाही तिथेच. लॉजवाल्याने हात वर केले तर तो माल कुणाला विकणार? सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असं २००६ चा कायदा सांगतो. तरी मी निदान सुताचे पैसे आगाऊ घ्यायला सांगतो. माझ्या एका अशिलाने ते ऐकलं नाही. आमच्या न्हाणीघरात अजून एका अनोळखी लॉजच्या नावाचे चार टॉवेल आहेत.