मर्क्रूझर ३.० इंजिनाबाबत खुलासा

‘मर्क्रूझरचे ३.० लिटरचे बोटीचे इंजिन मुळात शेव्हर्लेचेच असल्याने ते काढून थेट हॉट रॉडमध्ये (वेगासाठी बदल केलेल्या जुन्या मोटारीत) बसवावे, काहीही बदलावे लागत नाही,’ असा संदेश सध्या फिरत आहे. त्यातील पूर्वार्ध खरा आहे. १९६२ च्या शेवी टू मोटारीतील १५३ घनइंची चार सिलिंडर इंजिनाच्याच कुळातले हे १८१ घनइंची इंजिन आहे आणि शेव्हर्ले व्ही-८ चे बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारे कवच) त्याला बसते. उत्तरार्ध मात्र चुकीचा आहे, हे सर्व्हिस मॅन्युअल आणि उघडलेले इंजिन शेजारी ठेवले की लगेच कळते. बोटीत थंडाव्यासाठी बाहेरचे पाणी खेचले जाते, धूर गोळा करणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डभोवतीही ते खेळते आणि शेवटी एल्बोमध्ये (वाकलेल्या नळीत) धुरात मिसळून बाहेर पडते. मोटारीत त्याऐवजी रेडिएटर, पंखा आणि कोरडा मॅनिफोल्ड लागतो. बोटीच्या इंजिनात फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या मागच्या जड चाकावर) क्लच नसतो, तर शाफ्टशी थेट जोडणारा कपलर असतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, खाऱ्या पाण्यात चाललेल्या ब्लॉकचे (इंजिनाच्या मुख्य सांगाड्याचे) ड्रेन प्लग, म्हणजे पाणी काढण्याची बुचे, काढून आत तार घालून पाहावी. गंजाचे पापुद्रे निघाले, तर ते इंजिन कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. तो फिरणारा संदेश कृपया पुढे पाठवू नये. आधीच पाठवला असल्यास त्याखाली हा खुलासा जोडावा.