‘पदव्यांचं दुकान’ म्हणणाऱ्या वाचकास

मुंबई विद्यापीठातल्या कायदेशिक्षणाच्या इतिहासावरील माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया वाचली. “सकाळ-संध्याकाळ तासभर वर्ग भरवून पदव्या वाटणाऱ्या दुकानाला परंपरा म्हणणं हौशी लेखकालाच जमतं,” असं लिहिलंत. मतभेद असायला माझी हरकत नाही. पण ‘दुकान’ आणि ‘हौशी’ या शब्दांवाचून तो मांडता येत नव्हता का? वयाने मोठ्या माणसाशी असं बोलतात?

न्यायमूर्ती रानड्यांच्या एलएलबीचं साल लेखात द्यायला हवं होतं, हे मान्य. ते १८६६.

आता ‘दुकान’. १८५५ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात सर अर्स्किन पेरी या माजी सरन्यायाधीशांच्या नावाचं न्यायशास्त्राचं अध्यासन, म्हणजे प्राध्यापकपद, सुरू झालं. विद्यापीठ आलं १८५७ मध्ये, आणि तेही परीक्षा घेणारं, शिकवायचं कॉलेजांनीच. त्या वर्गांतूनच गव्हर्नमेंट लॉ कॉलेज उभं राहिलं. शिकवायला वकिली करणारी माणसं येत, म्हणून तास कोर्टाची वेळ सांभाळून. यात लाज कसली? १९२८ मध्ये डॉ. आंबेडकर तिथे प्राध्यापक झाले, १९३५ ते १९३८ प्राचार्य होते. त्याच काळात त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९३७ च्या निवडणुकीत ते निवडून आले. त्यांनाही दुकानदार म्हणणार?

मी स्वतः कारकुनी सांभाळून सकाळच्या वर्गांना बसलोय. पुराव्याचा कायदा शिकवणारे सर काळा कोट घालूनच यायचे, गळ्याला लावायचा पांढरा बँड खिशात. एकदा विषय होता तेव्हाच्या कायद्यातलं कलम ३२, मृत्युपूर्व जबाब. सरांच्या एका खटल्यात जखमी शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा शेरा कागदावर होता, पण वेळ लिहिलेली नव्हती. आदल्या दिवशी सरांनी उलटतपासणीत तेच धरलं होतं. शेरा जबाबाआधीचा की नंतरचा, यावर अख्खा तास गेला. पुढे वकिलीत असा कागद हातात आला की माझी नजर आधी वेळेवर जायची. हे मला त्या ‘तासभर’ वर्गाने दिलं. तुम्ही तिथे बसला होतात का?

बाकी मुद्द्यांत फारसं काही नाही. पुण्याचं आयएलएस लॉ कॉलेज लेखात नाही म्हणता; ते १९२४ चं, त्यावर स्वतंत्र लेख लागेल. कायद्याचा पाच वर्षांचा अभ्यासक्रमही नाही म्हणता; तो फार नंतरचा. माझा लेख १९४७ ला थांबतो, हे पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. लेख न वाचताच प्रतिक्रिया द्यायची असेल तर बोलणंच खुंटलं.

राहिला ‘उचलेगिरी’चा आरोप. कुठलं वाक्य कुठून उचललं ते दाखवा, नाहीतर शब्द मागे घ्या.